स्वस्त वैरण अंगी किती लागते?

देवळाली प्रवरा : ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की राहुरी तालुक्यातील गोठ्यांत गव्हाणीचा रंगच पालटतो. पावसाळ्यातील कडवळ आणि बांधावरचे गवत तोवर संपलेले असते. घासाच्या वाफ्यांना पाणी पुरवून पुरवून द्यावे लागते. नेमक्या त्याच सुमारास फडाफडांतून उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या बाहेर पडू लागतात. तोडणी मजुरांचे बैल याच वाढ्यांवर हंगाम काढतात आणि उरलेल्या पेंढ्या विकून त्यांच्या रोजच्या बाजाराची सोय होते. दूध उत्पादकाला हिरवा चारा दारात मिळतो आणि तोही इतर कोणत्याही हिरव्या चाऱ्यापेक्षा कमी दरात. व्यवहार दोघांच्याही सोयीचा असल्याने वर्षानुवर्षे तो बिनबोभाट चालला आहे.

दुग्धव्यवसायातील एकूण खर्चापैकी ६० ते ७० टक्के खर्च चारा आणि खाद्य यांवर होतो. दुधाचा भाव उत्पादकाच्या हाती नाही. २०२४ मध्ये राज्य शासनाला गायीच्या दुधासाठी लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान जाहीर करावे लागले, यावरून त्या भावाची अवस्था कळते. त्यामुळे उत्पादकाची बचतीची धडपड गव्हाणीपाशीच येऊन थांबते. वाढे, मळी, भुसा, सरकी पेंड आणि अलीकडे इथेनॉल कारखान्यांतून येणारा मक्याचा चोथा अशा नानाविध पर्यायी खाद्यांकडे तो वळतो. किलोचा दर सर्वांना ठाऊक असतो. मात्र त्या किलोतील किती भाग जनावराच्या अंगी लागतो, हा हिशेब फारसा मांडला जात नाही आणि नफा-तोटा ठरतो तो तेथेच.

देवळाली प्रवरा आणि परिसर हा मूळचा पर्जन्यछायेतील प्रदेश. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे प्रवरा कालवे आणि नंतरचे मुळा धरण यांनी येथे बारमाही पाणी आणले. त्या पाण्यामागून ऊस आला. लोणी येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे जिल्ह्यात कारखान्यांचे जाळे पसरले. उसाच्या जोडीने संकरित गायी आल्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जर्सी, होल्स्टिन फ्रिजियन आणि गीर यांच्या संकरातून विकसित केलेली ‘फुले त्रिवेणी’ ही त्याच परंपरेतली. मात्र दिवसाला १५-२० लिटर दूध देणारी गाय आणि उसाच्या शेंड्याकडची पाने हा जोड निसर्गाने घातलेला नाही. तो येथील अर्थकारणाने घातला आहे.

कॅल्शियमचा हिशेब

वाढे जनावर आवडीने खाते आणि त्याने पोटही भरते. तरीही त्यांत दोन उणिवा आहेत. पहिली प्रथिनांची. वाळलेल्या वजनाच्या हिशेबाने वाढ्यांत पाच-सहा टक्केच प्रथिने असतात. चांगल्या घासात ती १८ ते २० टक्क्यांपर्यंत जातात. दुसरी उणीव डोळ्यांना न दिसणारी आहे. वाढ्यांत ऑक्झॅलिक आम्ल असते. हे आम्ल कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारे संयुग तयार करते. चाऱ्यातील कॅल्शियम जनावराच्या रक्तात जाण्याऐवजी त्या संयुगात अडकून शेणावाटे बाहेर पडते.

हे अडकणे किती मोठे असू शकते, याचा साधा हिशेब मांडता येतो. समजा, गायीने दिवसात १५ किलो हिरवे वाढे खाल्ले. त्यातील पाणी वगळता सुमारे ४ किलो शुष्क भाग उरतो. त्यात १ टक्का ऑक्झॅलिक आम्ल धरले, तर ते ४० ग्रॅम होते. रसायनशास्त्राच्या नियमाप्रमाणे ९० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल ४० ग्रॅम कॅल्शियम बांधते. म्हणजे येथे सुमारे १८ ग्रॅम कॅल्शियम बांधले जाऊ शकते. गायीच्या एक लिटर दुधात साधारण १.२ ग्रॅम कॅल्शियम असते. अर्थात १५ लिटर दुधातून जेवढे कॅल्शियम बाहेर जाते, जवळपास तेवढेच वाढ्यांतील आम्ल अडवून धरू शकते. हा हिशेब वरच्या टोकाचा आहे. प्रत्यक्षात गायीच्या कोटीपोटातील जीवाणू ऑक्झॅलिक आम्लाचा बराच भाग मोडून टाकतात आणि अडकलेले कॅल्शियम मोकळे करतात. मात्र ते जीवाणू पुरेशा संख्येने वाढण्यास काही दिवस लागतात. तोडणी सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी गव्हाण वाढ्यांनी भरणाऱ्या गोठ्यात ही सवड मिळत नाही.

आहारात कॅल्शियम कमी पडले, तरी गाय लगेच दूध आटवत नाही. ती आधी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून दुधात घालते. त्यामुळे पहिले काही आठवडे सर्व आलबेल दिसते. पुढे गाय वारंवार उलटू लागते, मागच्या पायांत अशक्तपणा येतो, विल्यानंतर एक-दोन दिवसांत दुग्धज्वर होऊन ती खाली बसते. बैलांमध्ये मुतखड्याची तक्रार उद्भवते. तोवर वाढ्यांचा हंगाम संपत आलेला असतो आणि दोष सहसा वळूला, रेतनाला किंवा हवेला दिला जातो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या एकूण आहारात विद्राव्य ऑक्झॅलेटचे प्रमाण शुष्क भागाच्या २ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास ते साधारणतः धोक्याचे मानले जात नाही. तथापि ही मर्यादा विषबाधेची आहे. कॅल्शियमची गळती तिच्या पुष्कळ आधीपासून सुरू असते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. संकरित नेपियर गवतातही ऑक्झॅलेट असते आणि कोवळ्या कापणीत ते अधिक असते. कृषी विद्यापीठाचे ‘फुले यशवंत’ आणि ‘फुले जयवंत’ हे वाण भरघोस उत्पन्न देणारे आहेत. मात्र वाढ्यांच्या जोडीला केवळ नेपियर दिल्यास वाढ्यांची उणीव भरून निघत नाही, उलट तिच्यात भर पडते.

वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, हा सल्ला या भागात सर्वपरिचित आहे. सल्ला योग्य दिशेचा आहे. पण त्याचा आकार लहान आहे. चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो. एक लिटर स्वच्छ निवळीत जेमतेम १ ग्रॅम कॅल्शियम असते. १८ ग्रॅमची भरपाई निव्वळ निवळीने करायची, तर गायीमागे सुमारे २० लिटर लागेल. तळाचा गाळ ढवळून दिल्यास कॅल्शियम वाढते खरे, पण दाट चुन्याने तोंड व अन्ननलिका भाजण्याची भीती असते. २० टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असलेले खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम दिले, तर १० ग्रॅम कॅल्शियम मिळते. सर्वांत चांगली भरपाई मात्र शेतकऱ्याच्या वाफ्यातच उभी असते. दहा किलो हिरव्या लसूणघासातून २० ते २५ ग्रॅम कॅल्शियम मिळते आणि प्रथिनांची उणीवही त्याच खेपेत भरून निघते. राहुरीच्या विद्यापीठाने दिलेला ‘आरएल-८८’ हा घासाचा वाण राज्यात रुजलेला आहेच. दहिवर असलेला कोवळा घास उपाशीपोटी दिल्यास पोटफुगी होते, एवढे पथ्य पाळावे लागते. वाढे आणि घास यांची एकत्र कुट्टी करून दिल्यास जनावर घास तेवढा वेचून खात नाही आणि पोटफुगीचा धोकाही घटतो.

कॅल्शियमच्या बाबतीत एक अपवाद महत्त्वाचा आहे. गाभण गायीला विण्यापूर्वीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत भरमसाट कॅल्शियम देणे उलट अपायकारक ठरते. आहारातून आयते कॅल्शियम मिळत राहिल्याने हाडांतून ते काढण्याची शरीराची यंत्रणा सुस्त होते आणि विल्यावर एकाएकी मागणी वाढताच दुग्धज्वर होतो. या काळातील आहार पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच ठरवणे इष्ट.

२०१८-१९ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातील चारा छावण्यांत उसाचेच खाद्य मुख्य होते. २०१९ च्या उन्हाळ्यात शासनाने मोठ्या जनावरामागील अनुदान दिवसाला १०० रुपयांपर्यंत वाढवले. त्या छावण्यांनी हजारो जनावरे जगवली, हे निर्विवाद आहे. मात्र जगवणे आणि दुभते ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

गायीची भट्टी आणि डुकराचे पोट

वाढ्यांसारखा चोथट चारा गायीला पचतो, याचे श्रेय गायीपेक्षा तिच्या कोटीपोटातील सूक्ष्मजीवांना आहे. हे जीव सेल्युलोज तोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, स्वतः तयार करतात. विकर म्हणजे एका विशिष्ट रासायनिक सांध्यावर चालणारी प्रथिनाची कात्री. त्या सांध्याची कात्री पोटात असेल तर पदार्थ पचतो, नसेल तर तो आला तसा बाहेर पडतो. माणूस, डुक्कर आणि कोंबडी यांच्या पोटात सेल्युलोजची कात्री नाही. म्हणूनच ऊसवाढे डुकराच्या काहीच उपयोगाचे नाहीत. उसाचा रस मात्र त्याला उत्तम मानवतो. डॉमिनिकन प्रजासत्ताक, कोलंबिया अशा देशांत रस आणि सोयाबीन पेंड यांवर डुकरे वाढवण्याचे प्रयोग यशस्वी झाले आहेत. महाराष्ट्रात हे गणित बसणारे नाही. २०२४-२५ च्या हंगामासाठी उसाची रास्त व किफायतशीर किंमत क्विंटलला ३४० रुपये होती. या दराने ऊस घेऊन त्याचा रस डुकराला पाजणे कोणालाही परवडणार नाही.

पर्यायी खाद्य आणि विकरे यांचा खरा संबंध जुळला तो वराहपालन व कुक्कुटपालनात. धान्य आणि पेंड यांतील सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटिक आम्लात बांधलेला असतो. तो सोडवणारे फायटेज हे विकर डुकराच्या पोटात पुरेसे नसते. त्यामुळे फॉस्फरसयुक्त धान्य खाऊनही डुकराला फॉस्फरस कमी पडतो. खाद्यात डायकॅल्शियम फॉस्फेट विकत घेऊन घालावे लागते आणि धान्यातील फॉस्फरस शेणखतावाटे जमिनीत व पाण्यात उतरतो. नेदरलँड्समध्ये डुकरांची संख्या प्रचंड आणि जमीन थोडी. तेथे या प्रदूषणावर कायदेशीर निर्बंध आल्यानंतर १९९१ मध्ये बुरशीपासून तयार केलेले फायटेज प्रथम बाजारात आले. किलोभर खाद्याला फायटेजची सुमारे ५०० एकके पुरतात. वजनात ही मात्रा चिमटीहूनही कमी भरते. पर्यावरणाच्या कायद्यापोटी आलेली वस्तू पुढे फॉस्फेटचा खर्च वाचवते म्हणून जगभर स्वीकारली गेली.

दुसरे महत्त्वाचे विकर झायलनेज. गहू, कोंडा आणि मक्याचा चोथा यांतील तंतू आतड्यातील द्रव चिकट करतात किंवा आतील पिष्ट व प्रथिने कोंडून ठेवतात. झायलनेज ते तंतू तोडते. सातूच्या तंतूंसाठी बीटा-ग्लुकनेज वापरतात. यातून एक साधा नियम हाती येतो. खाद्यात ज्या घटकाची अडचण आहे, त्याच घटकाचे विकर लागते. मका आणि सोयाबीन यांच्या खाद्यात बीटा-ग्लुकनेज घालणे म्हणजे ज्या खोलीला कुलूप नाही तिची किल्ली करून घेणे होय. बाजारात ‘सर्व विकरांचे मिश्रण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांविषयी पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

विकरे ही प्रथिने असल्याने उष्णतेने निकामी होतात. गोळी खाद्य तयार करताना वाफेचे तापमान ८० अंशांच्या वर जाते. त्या प्रक्रियेत साधे विकर टिकत नाही. त्यासाठी उष्णतारोधक आवरणाचे विकर वापरावे लागते किंवा गोळी थंड झाल्यावर फवारावे लागते. गव्हाच्या कोंड्यात निसर्गतःच फायटेज भरपूर असते. घरी दळलेल्या भरड्यात कोंडा मिसळणाऱ्या वराहपालकाला ते आयतेच मिळते. तोच कोंडा गोळी खाद्यात गेला, तर त्यातील फायटेज बहुतांशी नष्ट होते.

हॉटेलातील उष्टे अन्न हे वराहपालनातील सर्वांत जुने पर्यायी खाद्य. त्याचा पौष्टिकपणा वादातीत असला तरी २०२० मध्ये अरुणाचल प्रदेश व आसाममध्ये आफ्रिकन वराह ज्वराने भारतात प्रवेश केल्यापासून ते न उकळता देणे म्हणजे कळपावर थेट संकट ओढवून घेणे आहे. या रोगावर औषध नाही. वराहाच्या मांसाच्या तुकड्यातून विषाणू पसरतो आणि लागण झालेला कळप नष्ट करण्यावाचून पर्याय उरत नाही.

मग गायीच्या मालकाने विकरांच्या पुड्या घ्याव्यात काय? गायीच्या कोटीपोटातील सूक्ष्मजीव फायटेज व सेल्युलेज दोन्ही तयार करतात. बाहेरून घातलेली विकरेही प्रथिनेच असल्याने त्यांतील बरीच या भट्टीत मोडून जातात. तंतू तोडणारी विकरे गायींना देण्याचे प्रयोग जगभर झाले. काहींत दूध वाढले, काहींत काहीच फरक पडला नाही. अशा स्थितीत देवळाली प्रवरासारख्या भागातील लहान उत्पादकाने तोच पैसा घास, खनिज मिश्रण आणि मुरघासाच्या खड्ड्यावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. कोटीपोटातील सूक्ष्मजीवांना नत्र आणि थोडी साखर मिळाली की ते आपली विकरे आपणच वाढवतात. वाळलेल्या वैरणीवर युरियाची प्रक्रिया करतात ती यासाठीच. १०० किलो वैरणीला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि वैरण २१ दिवस हवाबंद झाकून ठेवतात. युरियाचे प्रमाण वाढले की विषबाधा होते आणि सहा महिन्यांच्या आतील वासरांना ही वैरण देऊ नये, हे ओघानेच आले.

मक्याचा चोथा : तिप्पट प्रथिने, तिप्पट विष

गेल्या काही वर्षांत या गव्हाणीत एक नवा घटक दाखल झाला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. जानेवारी २०२४ मध्ये मक्यापासूनच्या इथेनॉलचा दर प्रोत्साहनासह लिटरला ७१ रुपये ८६ पैसे झाला आणि मका आसवनीकडे वळला. कोंबडी आणि गाय यांच्या तोंडचे धान्य महागले. त्याच्या बदल्यात आसवन्यांतून वाळवलेला चोथा बाजारात आला. व्यापारी त्याला ‘डीडीजीएस’ म्हणतात.

क्विंटलभर मक्यापासून सुमारे ३८ लिटर इथेनॉल आणि ३० किलो चोथा मिळतो. पिष्टाचे मद्यार्क होऊन गेल्याने उरलेले सर्व घटक जवळपास तिप्पट दाट होतात. मक्यातील ८-९ टक्के प्रथिने चोथ्यात २६ ते २८ टक्क्यांपर्यंत पोचतात. आंबवण्याच्या क्रियेत फायटिक आम्लाचा काही भाग मोडल्याने फॉस्फरसही अधिक सुलभ होतो. गायीसाठी हे खाद्य सरकी पेंडीला चांगला पर्याय आहे. डुकराच्या बाबतीत हात आखडता घ्यावा लागतो. चोथा वाळवताना उष्णता अधिक झाली, तर लायसिन हे अमिनो आम्ल निकामी होते आणि डुकराच्या वाढीला पहिली खीळ बसते ती लायसिनच्या अभावानेच. गडद तपकिरी, जळकट वासाचा चोथा स्वस्त मिळत असला तरी टाळावा. फिकट सोनेरी रंगाचा घ्यावा.

तिप्पट होण्याचा नियम विषालाही लागू आहे. ओलसर मक्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष सोडते. ते आसवनीच्या उष्णतेने नष्ट होत नाही. मक्यात ते दर अब्ज भागांत १० भाग असेल, तर चोथ्यात ३० होते. भारतीय मानक ब्युरोची पशुखाद्यासाठीची मर्यादा आहे २० भागांची. म्हणजे खाण्यास योग्य ठरलेल्या मक्यापासून अयोग्य चोथा तयार होऊ शकतो. गायीच्या आहारातील या विषाचा साधारण १ ते ६ टक्के भाग दुधात उतरतो. २ टक्के धरून हिशेब केला, तर १०० भाग विष असलेले ५ किलो खाद्य खाणाऱ्या आणि १५ लिटर दूध देणाऱ्या गायीच्या दुधात किलोमागे ०.६ मायक्रोग्रॅमहून अधिक विष येते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅम आहे. मानकातील २० भागांचे खाद्य दिल्यास मात्र ते सुमारे ०.१३ राहते. प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून तपासलेल्या ६,४३२ दूध नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेबाहेर आढळले होते. पाण्याच्या भेसळीची चर्चा घरोघरी होते. या आकड्याची मात्र झाली नाही.

दूध उकळल्याने हे विष जात नाही. गावातील संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ मोजतात, त्या यंत्रात ते दिसत नाही. त्यामुळे ते अडवण्याची जागा एकच, गोठ्याशेजारची खाद्याची खोली. चोथ्याची पोती भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळ्यांवर रचावीत, पावसाळ्यात एका वेळी पंधरा दिवसांपुरताच माल घ्यावा, गाठी झालेले किंवा कुबट वासाचे पोते गायीला न देता बाजूला काढावे. पुरवठादाराकडे त्या खेपेचा अफ्लाटॉक्सिन तपासणीचा दाखला मागावा. एकट्याला तो मिळत नसेल, तर दूध संस्थेमार्फत एकत्रित खरेदी करून मागावा. दहा टनांच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणे व्यापाऱ्याला जड जाते.